देवाच्या चित्रगोष्टी आणि कपड्यांचा चिमटा

माशेलची_शमी
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

लेक सव्वाचार वर्षांची. शाळा इंग्रजी, घरात आम्ही दोघं मराठी, सासूबाई कोंकणी आणि टीव्हीवरचं कार्टून हिंदी, त्यामुळे तिचं एकेक वाक्य चार गावचं पाणी पिऊन बाहेर येतं. म्हणून चवथीनंतर ठरवलं की रोज रात्री चित्रांची एक गोष्ट मराठीतून वाचायची. देवाच्याच गोष्टी का, तर त्या मला येतात, आणि खरं सांगायचं तर माळ्यावर ह्यांच्या लहानपणीच्या पुस्तकांचा गठ्ठा सापडला, वाळवी न लागलेला. धाकटा तीन महिन्यांचा आहे, तो रडायला लागेपर्यंत जेवढं होईल तेवढं वाचायचं.

सुरुवात मस्त झाली. दहा अवतारांवर आकडे झाले, वाहनांवरून प्राणी झाले, मोर कुणाचा उंदीर कुणाचा हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. आणि मग आला नृसिंह. पानभर चित्र. खांब दुभंगलेला, मांडीवर हिरण्यकश्यपू, पोट फाडलेलं, आतडी बाहेर, सगळं लालभडक. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आई, त्याला मांडीवर का घेतलंय?" मी घाईघाईने पान उलटलं. त्या रात्रीपासून दोनदा-तीनदा उठून आमच्या खोलीत येते, मध्येच झोपायला मागते.

आता मी त्या दोन पानांना कपड्यांचा चिमटा लावून ठेवलाय. सासूबाई म्हणतात, "पुराणाक चिमटो?" त्यांचं म्हणणं, आम्हाला कुणी झाकून सांगितलं नाही, आम्ही काय मेलो? तुम्ही काय करता? असली पानं दाखवता, गाळता, की गोष्टच बदलून सांगता? आणि कुठल्या वयापासून?

फोंडेकर_भाऊ
चिमटा राहू दे. पावसात कपड्यांना दुसरा आणा.

राजूची_आय
शमी, गाळू नकोस गं, मी गाळून बघितलंय. आमच्याकडे ती नवीन जाड पुठ्ठ्याची पुस्तकं आणली होती, त्यात सगळे गुबगुबीत, सगळ्यांचे डोळे बशीएवढे, सगळे हसतायत. रावणसुद्धा हसतोय, दहाच्या दहा तोंडांनी! राजू तीन वर्षांचा होता, त्याने विचारलं की राम त्याला बाण का मारतो, तो तर हसतोय. मी काय सांगणार? नंतर कितीतरी दिवस रामच वाईट होता आमच्या घरात. तेव्हा राक्षस राक्षसासारखा दिसलेला बरा.

निरीश्वर_मडगांव
मुळात चार वर्षांच्या मुलीला ह्या गोष्टी कशाला? भाषाच शिकवायची तर कावळा-चिमणी आहे, माकड-मगर आहे. एका माणसाचं पोट फाडलं आणि ते बरोबर होतं, हे त्या वयात डोक्यात घालायचं आणि मग मोठेपणी मुलं हिंसक का होतात म्हणून धागे काढायचे.

राजूची_आय
@निरीश्वर, चिमणीने कावळ्याला घराबाहेर पावसात भिजत ठेवलं ते चालतं वाटतं 😄 आणि माकडाचं काळीज खायला निघालेली मगरीण?

निरीश्वर_मडगांव
काळीज झाडावर ठेवलं होतं. रक्त नाही आलं. फरक आहे.

पेडणेकार_संकासूर
आयडी वाचून कळलं असेल, आम्ही दशावतारवाले. घरातले तिघे काम करतात, मी फक्त पेटी वाजवतो. शमीताई, एक गोष्ट बघा. आमच्या काल्याला, म्हणजे दशावताराच्या रात्रीच्या खेळाला, दोन-तीन वर्षांची पोरं आईच्या खांद्यावर झोपलेली असतात, मध्यरात्र उलटल्यावर संकासुर येतो, काळा झगा, ही लांब लाल जीभ, म्हणजे बघायला गेलं तर तुमच्या नृसिंहाच्या पानापेक्षा वाईट. पोरं दचकतात, एकदा रडतात. पण मग तो बोलायला लागतो, भटजीची टिंगल करतो, समोरच्या माणसाला नावाने हाक मारतो, आणि तीच पोरं हसायला लागतात. कारण तो हलतो, बोलतो, मग निघून जातो. चित्र जात नाही ना. ते पानावर आहे तिथेच बसून असतं, तुम्ही दिवा मालवला तरी आहेच.

म्हणून मी म्हणतो पुस्तकापेक्षा सुटी पानं बरी. आमच्या शेजारी कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत, परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती ह्याच कलेसाठी. त्यांची पोथी म्हणजे शिवलेलं पुस्तक नव्हे, सुट्या चित्रांचा गठ्ठा, एका कागदाच्या पाठीला दुसरा कागद चिकटवलेला. एकेक चित्र उभं धरायचं, वीणा-हुडूक-टाळावर तेवढा भाग गायचा, ते ठेवायचं आणि पुढचं घ्यायचं. प्रसंग संपला की चित्र गेलं. मी बारक्याला दोनदा नेऊन दाखवलं. घरी आल्यावर त्याने आपली चित्रं काढली, पाटावर ताट उभं करून त्याच्याआड बसून गातो. गाणं एकच येतं, ते आरतीचं. रामायणाला पण तेच, महाभारताला पण तेच.

अंत्रुजकार
चित्र जात नाही हे पेडणेकारांनी अगदी नेमकं लिहिलं, पण आमच्याकडे त्याचा उलटा फायदा झालाय.

आमच्या मूळ घरात चवथीला मातीचा गणपती नसतो, कागदाचा असतो. हाताने काढलेलं चित्र. गोव्यात अशी काही घराणी अजून आहेत. पोर्तुगीज अमलात मूर्तीपूजेला बंदी होती तेव्हा मूर्ती लपवणं अवघड, कागद घडी करून कुठेही सारता येतो, म्हणून ही रीत पडली असं आमचे वडील सांगायचे. लहानपणी मला त्याची लाज वाटायची, शेजारी एवढी मोठी मूर्ती, माटोळीला, म्हणजे देवाच्या डोक्यावर टांगतात त्या लाकडी चौकटीला, झेंडूपासून घागऱ्यांपर्यंत काय काय बांधलेलं, आणि आमचा देव वहीच्या पानाएवढा. आता नातवाला समोर बसवून ते चित्र दाखवतो आणि गणपतीच्या जन्माची नव्हे, ह्या कागदाची गोष्ट सांगतो. त्याला तीच जास्त आवडते. "मग पोलीस आले?" हे दर वेळी विचारतो. पोलीस नव्हते रे बाबा तेव्हा, पण मी म्हणतो आले.

बाकी देवाच्या गोष्टींनी भाषा शिकवायची कल्पना शमीताईंची नाही, चारशे वर्षं जुनी आहे आणि तीही आपल्याच गोव्यातली. पाद्री लोकांना इथली भाषा शिकायची होती तेव्हा त्यांनी इथल्याच रामायण-महाभारताच्या गोष्टी रोमी लिपीत उतरवून घेतल्या, ती हस्तलिखितं पोर्तुगालात ब्रागाच्या ग्रंथालयात आहेत. त्याच बाडात आपल्या साष्टीतल्या केळशीच्या कृष्णदास शामाच्या ओव्या सापडल्या, कृष्णचरित्रकथा, १५२६ सालची. पुढे फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराण लिहिलं, रायतूरला १६१६ मध्ये छापलं, ११ हजारांच्या आसपास ओव्या आणि ओवी अस्सल मराठी, कारण नव्याने बाटलेल्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, ते पुराण मागत होते. तेव्हा गोष्ट बदलली तरी ऐकायची तऱ्हा बदलली नाही.

कोंकणीमोगी
कृष्णदास शामा कोंकणी लेखक. मराठी कधीपासून झाला?

अंत्रुजकार
ओव्या वाचल्यात का तुम्ही? मग बोलू.

कोंकणीमोगी
वाचल्यात म्हणूनच

संपादक_मंडळ
भाषेच्या वादासाठी वेगळा धागा आहे, २०१९ पासून जिवंत आहे, तिथे जावे. इथे मुलांच्या गोष्टी.

फोंडेकर_भाऊ
तो धागा म्हणजे आमचा हिरण्यकश्यपू. दिवसा मरत नाही, रात्री मरत नाही, घरात मरत नाही, बाहेर मरत नाही.

मयेकर्ण
😂😂 भाऊ!

शमी, मी तुझ्या शेजारच्याच गावची. पुस्तकातले देव मुलांना आपले वाटत नाहीत असं माझं मत झालंय. सगळे हिमालयात नाहीतर अयोध्येत. आणि चेहरे बघशील तर सगळे एकाच साच्यातले. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि तिथून लक्ष्मी-सरस्वती घरोघरी भिंतीवर गेल्या, अजूनही नवीन पुस्तकातली लक्ष्मी तीच साडी नेसते. छानच आहे ती, पण आमची शिरगांवची देवी लयराय कुठे?

तर मी स्वतःच काढलं. लयरायची गोष्ट, सात बहिणी आणि एक भाऊ हत्तीवरून येतात ती. जुन्या कॅलेंडरची पानं, पाठीमागची कोरी बाजू, मेणखडू. पहिल्याच चित्रात फजिती, सात बहिणी हत्तीवर मावेनात. शेवटी हत्ती तीन पानांवर लांबवला, पोरं म्हणाली ट्रेन झाली. मग भावाला विस्तव आणायला पाठवतात, तो खेळत बसतो, लयराय चिडून लाथ मारते, त्याला कुबड येतं, मिराबाय रुसून म्हापशाला निघून जाते आणि तिथे चर्चमधली सायबीण, म्हणजे मेरीमाता होते, मिलाग्रिस. आणि लयरायला केल्याचा पश्चात्ताप होतो म्हणून ती आगीतून चालते. आमच्या घरात सांगतात ती अशी, शिरगांवात कुणी थोडी वेगळी सांगेल.

आता सांग, ह्यात लाथ आहे, भांडण आहे, आग आहे. पण माझी दोन्ही पोरं घाबरली नाहीत कारण मोठी रोज धाकट्याला लाथ मारतेच 🙈 होमकुंडाचं चित्र तर तिनेच रंगवलं, धोंडांच्या, म्हणजे आगीतून चालणाऱ्या भक्तांच्या, हातातले वेत हिरवे-तांबडे. वैशाखात जत्रेला नेलं तेव्हा गर्दीत ओरडली, "आई, हे माझ्या चित्रातले!" एवढंच की आता म्हापशाला चर्चवरून जाताना मावशीचं घर आलं म्हणते. म्हणू दे.

वास्को_वयनी
मावशीचं घर 😍 आमच्या शेजारची कॅथलिक मुलगी रविवारच्या वर्गाला जाते, तिच्याकडे बायबलच्या चित्रांचं पुस्तक आहे, माझी लेक तेच मागते कारण त्यात डेव्हिड आणि राक्षस आहे. तिथेही गोफणीने कपाळ फोडलंय बरं का. रक्ताचा एक ठिपका. मी मुद्दाम बघितलं.

नूर_साखळी
मी लिहू का? माझं मराठी शाळेतलं आहे, चुका काढू नका.

आमच्यात पैगंबरांचं चित्र काढत नाहीत. त्यामुळे मुलांसाठीची चित्रांची पुस्तकं असतात त्यात माणूसच नसतो. नूह अलैहिस्सलामच्या गोष्टीत मोठी होडी असते, पाऊस असतो, जिराफांच्या माना खिडकीतून बाहेर, पण नूह नसतात. युनूसच्या गोष्टीत नुसता मासा आणि काळोखी दर्या. लग्नाआधी मलासुद्धा वाटायचं की असल्या पुस्तकात मुलांना काय मजा येणार. पण माझा मुलगा रोज विचारतो, नूह कुठे आहेत? मी म्हणते आत, जनावरांना चारा घालतायत. मग तो एका खिडकीवर बोट ठेवतो, आज इथे. दुसऱ्या दिवशी दुसरी खिडकी. एकदा म्हणाला आज दमले, झोपलेत. पुस्तक आठ पानांचं आहे, सहा महिने झाले, संपत नाही.

शमीताई, मी तुमच्या जागी असते तर चिमटा काढला नसता पण तिला विचारलं असतं की आत काय चाललंय.

अंत्रुजकार
नूर, तुझं मराठी आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा चांगलं आहे. खिडकीचं फार आवडलं.

बाणावलीचो_बाण
मी बाणावलीत राहतो म्हणून आमच्याकडे परशुराम. त्याने बाण मारला, समुद्र मागे हटला, गोवा झाला. मुलगा पाच वर्षांचा, किनाऱ्यावर प्लॅस्टिकचं फावडं घेऊन बाण शोधतो. आत्तापर्यंत मिळालेलं: दोन बाटल्यांची बुचं, एक चप्पल, कुणाचातरी चष्मा.

पण तुमच्या प्रश्नावर येतो. परशुरामाच्या चित्रांच्या पुस्तकात बाण असतो, परशू असतो, पण बापाच्या सांगण्यावरून आईचं डोकं उडवलं ते पान आमच्या पुस्तकात तरी नाही, कुणीतरी छापतानाच चिमटा लावलाय. आणि त्याबद्दल मी त्या अज्ञात माणसाचा आभारी आहे. सगळंच सगळ्या वयाला नाही सांगायचं. आजीच्या तोंडी गोष्टीत ती समोरच्या पोराचं तोंड बघून कमीजास्त करते, पुस्तक तोंड बघत नाही.

राजूची_आय
पण वरदानाने आई परत जिवंत होते ना? तेवढं सांगितलं की झालं.

बाणावलीचो_बाण
मुलगा विचारेल मग मीही मागू का वरदान, आधी डोकं उडवून. नको!

निरीश्वर_मडगांव
हेच तर म्हणत होतो सकाळपासून.

पेडणेकार_संकासूर
आणि नरकासुराचं काय? दिवाळीच्या आदल्या रात्री गल्लीगल्लीत वीस-वीस फुटी उभा करायचा, नखं, दात, डोळ्यात लाईट, रात्रभर स्पीकर, आणि पहाटे जाळायला कृष्ण कोण, तर शेजारच्यांचा पोरगा, डोक्याला मोरपीस आणि पायात क्रॉक्स, पेंगुळलेला. अख्ख्या गोव्यातल्या पोरांना विचारा मोठेपणी कोण व्हायचंय, शंभरातले नव्वद नरकासूर म्हणतील. आणि सत्यभामा तर कुणाला ठाऊकच नाही, बंदिवासातल्या सोळा हजार बायका लांब राहिल्या. चिमटा लावायचाच तर त्या स्पीकरला लावा.

फोंडेकर_भाऊ
स्पीकरला चिमटा +१००

मयेकर्ण
आमच्या वाड्यावर गेल्या वर्षी नरकासुराचा हात सुटून विजेच्या तारेवर पडला आणि पहाटे चारला लाईट गेली, कृष्णाची आई कृष्णाला घेऊन घरी गेली, मग नरकासूर मेलाच नाही. दुपारी ट्रकात घालून नेला. माझ्या मुलीने शाळेत हेच सांगितलं, की तो अजून आहे.

वास्को_वयनी
धागा भरकटला. शमीने विचारलेलं कुठल्या वयापासून आणि काय करायचं. माझा अनुभव थोडक्यात सांगते. झोपायच्या आधी असली पानं नको, सकाळी किंवा दुपारी वाचायची, मग दिवसभर खेळण्यात ते विरून जातं. आधी आपण एकटीने पुस्तक चाळून घ्यायचं. आणि एका वेळी एकच गोष्ट, पुस्तक संपवायची घाई नको. पणजीला पाटोवरच्या सेंट्रल लायब्ररीत मुलांचा विभाग आहे, तिथे लेकीला घेऊन जा, तिलाच निवडू दे. (त्या लायब्ररीला नाव कृष्णदास शामाचंच आहे, १८३२ पासूनची आहे, आणि हे मी वाद पेटवायला लिहीत नाहीये.)

कोंकणीमोगी
🙂

आजी_पर्वरी
पोरींनो, मी सगळा धागा चष्मा लावून वाचला. एक विचारू? शमी, तुझ्या लेकीने विचारलं होतं की त्याला मांडीवर का घेतलंय. आतड्यांचं काही विचारलं होतं का?

माशेलची_शमी
नाही आजी. रक्ताबद्दल काहीच नाही बोलली. का?

आजी_पर्वरी
काही नाही. उत्तर दिलंस का तिला?

माशेलची_शमी
नाही दिलं. पान उलटलं ना मी.

आजी_पर्वरी
मग दे. ना जमिनीवर ना आकाशात असं वरदान होतं त्याला, म्हणून मांडीवर घेतला. साधं आहे. आणि मग ती काय म्हणते ते आम्हाला येऊन सांग.

माशेलची_शमी
चार दिवसांनी येतेय, बाळाला सर्दी झाली होती.

सगळ्यांचे आभार. वयनींचं ऐकून पुस्तक दुपारी वाचायला घेतलं. आजींनी सांगितलं तसं वरदानाचं सांगितलं. तिने मान हलवली, म्हणजे पटलं नसावं, आणि म्हणाली, "पण मांडीवर घेतात तर मारत नाहीत." मग आणखी एक विचारलं जे मला आधी कळलंच नाही. आमच्या माशेलच्या देवळात कृष्ण देवकीबरोबर आहे, तिथे आम्ही नेहमी जातो, चिखलकाल्याला तर ती त्या चिखलात लोळून येते. आणि पुस्तकात तो यशोदेकडे लोणी खातोय. तर तिचा प्रश्न, कृष्ण नक्की कुणाच्या मांडीवर बसतो? मी म्हटलं दोघींच्या. "एका वेळी?" म्हणाली. मी म्हटलं नाही, पाळीपाळीने. हे मात्र तिला पटलं.

मग नूरने लिहिलं होतं तसं करायचं ठरवलं, पुस्तक तिच्याकडे दिलं आणि म्हटलं, चिमटा तुला हवा त्या पानाला लाव, काढायचा तर काढ. मी भात उतरवायला आत गेले. परत आले तर चिमटा नृसिंहावरून काढलेला. नृसिंहाचं पान उघडं, त्यावर तिने बिस्किटाचा चुरासुद्धा सांडलेला. आणि चिमटा पार पुढे, ध्रुवाच्या पानाला. ज्या पानावर राजाच्या मांडीवर उत्तम बसलाय आणि सुरुची ध्रुवाला हाताला धरून खाली उतरवतेय. ते चित्र मला इतकं साधं वाटायचं की मी कधी थांबलेही नव्हते तिथे. ना रक्त, ना राक्षस, राजवाडा, पडदे, दोन मुलं.

हे तेव्हा समोर आरामखुर्चीत बसले होते, धाकटा त्यांच्या मांडीवर झोपलेला. ती त्यांच्याकडे बघत नव्हती, खाली बसून चिमटा उघडझाप करत होती. मी ह्यांना म्हटलं, बाळाला इकडे द्या.

आजी_पर्वरी
बरं केलंस गो बाय.

फोंडेकर_भाऊ
पहिल्या दिवशी मी चिमट्याबद्दल जे काही लिहिलं ते मागे घेतो.